बफर: मंजूर पद एक

बोरतळी नगरपरिषदेच्या सभागृहातली शहाबादी फरशी आंबट बोलण्याने विरघळते. साबणासारख्या गुळगुळीत बोलण्याने ती विरघळत नाही, पण तिच्यावरून माणसं घसरतात. म्हणून सभेतल्या बोलण्याचा सामू सहा ते आठच्या दरम्यान राहावा असा जुना ठराव आहे, आणि तो राखायला आमच्या आस्थापनेवर बफरचं एक पद मंजूर आहे.

मी हेमलता डोईफोडे, अभिलेख विभागात वरिष्ठ लिपिक. सामू मोजायचं काम माझ्याकडे असतं. शाळेतलं ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते: सामू सात म्हणजे साधं पाणी. साताच्या खाली आंबट, म्हणजे चिंच, लिंबू आणि नगरसेविका इंदुमती आडके. साताच्या वर चुना, पापडखार, धुण्याचा साबण आणि नगरसेवक वसंत दुधाळ.

इंदुमतीबाईंनी कोणाला नुसतं "हुशार आहात हो" म्हटलं, की त्याच्या पायाशी फस्स आवाज होतो, बारीक फेस येतो आणि फरशीत सुपारीएवढा खड्डा पडतो. दुधाळांचं उलटं. "अध्यक्षसाहेब, तुम्ही आहात म्हणून या गावात सकाळ होते," असं ते एकदा म्हणाले. अध्यक्ष आभार मानायला उठले आणि थेट दारापर्यंत बसून गेले. तेव्हापासून ते खुर्चीचा हात सोडत नाहीत.

मी रुजू होण्याआधीपासून आम्ही हळदीच्या रुमालाने मोजत होतो. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे घरोघरी माहीत आहे. कुंकूसुद्धा हळदीला चुना लावूनच होतं. म्हणून तेव्हाच्या मुख्याधिकाऱ्यांना हळद पुरेशी वाटली. दुधाळ बोलले की रुमाल लालभडक व्हायचा. इंदुमतीबाई बोलल्या की पिवळाच राहायचा. हळदीला आंबट कळत नाही, ती पाण्यातही पिवळी आणि लिंबातही पिवळी, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. हळदीच्या त्या अकरा वर्षांत इंदुमतीबाईंना सौजन्याचं पारितोषिक तीनदा मिळालं आणि सभागृहाची फरशी दोनदा बदलली. मी दुसऱ्याच वर्षी म्हटलं होतं की साहेब, हळदीला... पण जाऊ दे.

ही माझी सवय आहे. अर्धं बोलायचं आणि "जाऊ दे" म्हणायचं. घरी सासूबाईंना तिचा राग येतो आणि कार्यालयात साहेबांना.

आता आम्ही जास्वंद वापरतो. लाल जास्वंदीच्या पाकळ्यांच्या रसात बुडवून वाळवलेली कागदाची पट्टी बोलणाऱ्याच्या तोंडासमोर धरायची. आंबट असेल तर पट्टी गुलाबी होते, साबणी असेल तर हिरवी, आणि मधलं असेल तर जांभळी ती जांभळीच. मग भिंतीवरच्या तक्त्याशी रंग जुळवून आकडा लिहायचा.

नवे मुख्याधिकारी निकम साहेब हजर झाले, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी माझी वही मागवली.

"मॅडम, आडके ताईंचा सामू गेल्या वर्षी चार होता, यंदा तीन. एकाचा फरक. किरकोळ आहे."

"साहेब, सामू एकाने उतरला की आंबटपणा दहापट होतो."

"एक म्हणजे दहा?"

"हो. आणि दोनाने उतरला की शंभरपट."

साहेबांनी चष्मा काढला. "हा नियम कोणी मंजूर केला?"

"ते माहीत नाही साहेब. मी रुजू झाले तेव्हा होताच."

"कार्योत्तर मंजुरी घेऊन ठेवा," साहेब म्हणाले. ती घेतली. नियम सध्या सर्वानुमते चालू आहे.

आमचे बफर श्री. अंबादास घोडके. बावीस वर्षं ते सभागृहाच्या मधोमध लाकडी खुर्चीवर बसले. सभेत कोणीही कोणाशी थेट बोलत नाही, बफरकडे बघून बोलतो. बफर ऐकून घेतो आणि तीच गोष्ट साध्या पाण्यासारखी करून पुढे देतो. इंदुमतीबाई म्हणायच्या, "दुधाळांना विचारा, त्यांच्या वॉर्डात गटार आहे का ते गटारात राहतात?" अंबादासराव दुधाळांकडे वळून म्हणायचे, "गटाराबद्दल चौकशी आहे." दुधाळ म्हणायचे, "इंदुताईंसारखी विदुषी प्रश्न विचारते, हे माझ्या सात जन्मांचं पुण्य." अंबादासराव इंदुमतीबाईंना सांगायचे, "उत्तराला वेळ हवा आहे." फरशी दोनदा बदलली ती त्यांच्या आधी; त्यांच्या बावीस वर्षांत सभेत एक खड्डा पडला नाही. अध्यक्ष घसरले ती सभा अंबादासरावांच्या एकमेव रजेची, त्यांच्या आईच्या तेराव्याची होती.

बफरच्या सेवाशर्ती कडक असतात. बफरची झीज होते. जेवढं आंबट आणि जेवढं साबणी तो पचवतो, तेवढा तो आतून कमी होतो. म्हणून त्याने स्वतःचं असं काहीही, कार्यालयात किंवा घरी, बोलू नये, शिल्लक नगरपरिषदेसाठी राखावी, असं नियमात आहे. अंबादासरावांच्या आधीचे बफर एका सभेत अर्ध्यावर संपले होते. तेव्हापासून ते समोरच्यासारखे होतात. आंबट पाहुणा आला की त्याच्याहून आंबट, गोडबोल्या आला की त्याच्याहून गुळगुळीत. स्वतःचं असं त्यांच्यात काही उरलं नाही. ते मुलीकडे राहतात आणि मुलगी पाहुणे निवडून बोलावते.

यंदा मी अंबादासरावांची शिल्लक मोजली. दीड सभा निघाली. आणि महिनाअखेरीला जी सभा होती तिच्यात आठवडी बाजार जुन्या मैदानावरून हलवायचा विषय होता. ती एकच सभा दोन सभांच्या तोडीची होणार, हे गावात कोणालाही सांगायची गरज नव्हती.

अंबादासरावांनी सेवामुक्तीचा अर्ज दिला. निकम साहेबांनी शेरा मारला: पर्यायी बफर मिळेपर्यंत सोडता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या पत्नी द्वारकाबाई डबा घेऊन आल्या आणि डबा त्यांना न देता माझ्या टेबलाशी बसल्या.

"काय सांगू तुम्हाला हेमलताबाई. बावीस वर्षं मी एकटीच भांडते आहे. आमटी कशी झाली विचारलं, तर म्हणतात, आमटीची नोंद घेतली. मी माहेरी निघून जाते म्हटलं, तर म्हणतात, प्रवासाबद्दल कळलं. मी काय काय बोलते, तोंडाला येईल ते बोलते, आणि स्वयंपाकघराची फरशी बघाल तर आरशासारखी. शेजारणी म्हणतात, द्वारके, किती सुखाचा संसार, एक ओरखडा नाही. माझं मला माहीत."

"मग तुम्हाला काय हवं आहे?"

"भांडण," त्या म्हणाल्या. "उलटं बोललेलं एक वाक्य. पण त्यांचं स्वतःचं, माझंच मला परत नको. त्या बाजाराच्या सभेला बसले आणि संपले, तर मग घरी येणारं माणूस कोण असेल?"

मी म्हणाले, द्वारकाबाई, मला वाटतं की... आणि मग म्हणाले, जाऊ दे, बघते मी. त्या उठून गेल्या. मला फार वाईट वाटलं. मी त्याच दिवशी जाहिरातीचा मसुदा टाइप केला.

पहिली कल्पना निकम साहेबांचीच होती. "एकच माणूस सातचा कशाला शोधायचा? एक दोनाचा घ्या, एक बाराचा घ्या. सरासरी सात." मी म्हणाले, साहेब, सामूची सरासरी अशी... पण त्यांनी तोवर सही केली होती.

दोनाच्या जागी निवृत्त परीक्षक रंगनाथ पेठे आले. त्यांनी आयुष्यात कोणाला साठाच्या वर गुण दिले नव्हते. बाराच्या जागी लग्नांमधून सूत्रसंचालन करणारे विजय मोकाशी आले. त्यांनी आयुष्यात एकाही नवरदेवाला सामान्य म्हटलं नव्हतं. दोघांना एका बाकावर बसवून एकमेकांची ओळख करून द्यायला सांगितलं. मोकाशी म्हणाले, "पेठे सर म्हणजे ज्ञानाचा महासागर." पेठे म्हणाले, "तुम्हाला पोहता येतं का?" तिथून बाक तापायला लागला. दहा मिनिटांत सभागृहात वाफ झाली, खिडक्यांच्या काचांवर पाणी धरलं, आणि वाफ विरल्यावर बाकावर दोघांच्या मधे अर्धी वाटी पांढरंशुभ्र मीठ निघालं.

पट्टी धरली तर दोघंही सात. पण बोलायला दोघांकडेही काही उरलं नव्हतं. पेठे म्हणाले, "आज गुरुवार आहे." मोकाशी म्हणाले, "हो, गुरुवार आहे." दोघं आता रोज संध्याकाळी तलावापर्यंत बरोबर फिरायला जातात आणि वाराची खात्री करून परत येतात. मीठ चवीला चांगलं होतं. कॅन्टीनच्या शांताबाईंनी ते पिठल्याला वापरलं.

दुसरे उमेदवार प्रभाकर निळे. तीस वर्षं ते कोणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. मतदानालाही ते जातात आणि बटणांकडे बघून परत येतात. त्यांनी काहीही म्हटलं तरी पट्टी जांभळीच. नेमके सात. निकम साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की बघा, असं माणूस असतं.

"साहेब, एक थेंब टाकून बघू या," मी म्हणाले.

इंदुमतीबाईंना बोलावलं. त्यांना सांगितलं, अगदी हलकं काहीतरी बोला. त्यांनी निळ्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बरं आहे बाई तुमचं."

निळ्यांची पट्टी जांभळ्याची लालगुलाबी झाली. ते ताडकन उठले आणि आपल्या थोरल्या भावाबद्दल, शाळेतल्या हेडमास्तरांबद्दल आणि तीस वर्षांपूर्वीच्या एका छत्रीबद्दल जे बोलले, त्याने फरशीत ताटलीएवढा खड्डा पडला. घाबरून दुधाळ मधे पडले. "रागसुद्धा काय शोभून दिसतो तुम्हाला," ते म्हणाले. पट्टी तत्काळ हिरवी झाली. निळे वळले, भिंतीवरच्या घड्याळासमोर हात जोडून त्यांनी अर्धा तास त्याची स्तुती केली, आणि त्यांना आधार देऊन बाहेर नेताना दोन शिपाई घसरले.

सभेला तीन दिवस राहिले होते. मी अंबादासरावांच्या खुर्चीशी गेले आणि म्हणाले की आणखी कोणी सातचा नाही गावात.

ते नेहमीसारखं "कळलं" म्हणतील असं मला वाटलं. पण बावीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब बोलणं ते बोलले.

"सातचा लागत नाही, बाई. शुद्ध पाण्याला स्वतःचं काही नसतं. एक थेंब पडला की ते थेंबाचंच होतं. बफर हा मुळात थोडा आंबट माणूस असावा लागतो. फार नाही, थोडा. आणि त्याने त्यातला अर्धा आंबटपणा आयुष्यात बोलून टाकलेला असावा आणि अर्धा गिळलेला असावा. कोणी आंबट ओतलं की जो बोलून मोकळा झालेला भाग असतो तो ते सामावून घेतो. कोणी साबण लावला की जो गिळलेला भाग असतो तो थोडा खर्च होतो. दोन्ही बाजू सारख्या असल्या म्हणजे माणूस टिकतो. नुसता बोलणारा टिकत नाही आणि नुसता गिळणाराही टिकत नाही."

एवढं बोलून ते दमले. मी त्यांना पाणी दिलं.

"तुम्ही बोलता बोलता थांबता," ते म्हणाले. "त्याचं पुढचं कुठे जातं?"

"कुठे जाणार? इथेच असतं," मी म्हणाले आणि पदरावरून पोटावर हात ठेवला.

"पट्टी धरा तोंडासमोर. आणि काहीतरी बोला."

मी म्हणाले, "सासूबाईंचं मला इतकंच पटत नाही की... जाऊ दे." पट्टी जराशी गुलाबीकडे झुकली. सहा पॉइंट चार.

इंदुमतीबाईंना पुन्हा बोलावलं. या वेळी त्यांना हातचं राखायला सांगितलं नव्हतं. माझी साडी, माझं अक्षर, माझी वरिष्ठता आणि माझ्या हातची पुरणपोळी यांवर त्या पाव तास बोलल्या. ऐकताना मला वाटलं, यातलं निम्मं तर मी सासूबाईंना केव्हाच ऐकवलं आहे. पट्टी तशीच. दुधाळ आले. मी म्हणजे या कार्यालयाची सरस्वती, असं ते म्हणाले. तेव्हा मला पोटात साठलेलं एक-एक वाक्य आठवलं आणि सरस्वती आपोआप खाली बसली. पट्टी तशीच. फरशी कोरडी.

मला रडू आलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. धड बोलत नाहीस आणि धड गप्पही बसत नाहीस, हे मी सव्वीस वर्षं ऐकत आले. ते कोणाच्या उपयोगाचं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

निकम साहेबांनी आकडा पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "पण मॅडम, सात नाही हा."

"ठरावात सहा ते आठ आहे साहेब."

"तुमच्या वर्तणुकीच्या गोपनीय अहवालात 'वाक्य पूर्ण करत नाहीत' असा प्रतिकूल शेरा आहे."

"तो अर्जासोबत जोडते," मी म्हणाले. तो जोडला. शैक्षणिक अर्हतेच्या रकान्यात तोच धरण्यात आला.

बाजाराची सभा साडेचार तास चालली. अंबादासराव आले नाहीत, त्यांना आदल्या दिवशी सेवामुक्त केलं होतं. मी मधल्या खुर्चीवर बसले. इंदुमतीबाई म्हणाल्या की नव्या मैदानाची निवड करणाऱ्यांना मैदान आणि डबकं यातला फरक त्यांच्या आयांनी शिकवला नाही. मी पुढे सांगितलं की मैदान ओलसर आहे. दुधाळ म्हणाले की ज्या डबक्यावर अध्यक्षांची नजर पडते ते तीर्थ होतं. मी सांगितलं की दुधाळांची हरकत नाही. शेवटी बाजार आहे तिथेच ठेवायचं ठरलं. खड्डे शून्य. अध्यक्षांनी सभा संपल्यावर प्रथमच खुर्चीचा हात सोडला आणि दारापर्यंत पायी गेले.

सभेनंतर चौथ्या दिवशी पदभाराच्या कागदावर अंबादासरावांची सही राहिली होती, म्हणून मी सकाळी त्यांच्या घरी गेले. नियमाप्रमाणे निवृत्त बफरच्या राहत्या जागेची पाहणीही करायची असते, म्हणून खड्ड्यांची खोली मोजायची माझी विणायची सुई बरोबर घेतली होती.

दार द्वारकाबाईंनी उघडलं. डोळे लाल होते, आवाज बसला होता, आणि बावीस वर्षांत मी त्यांना इतकं टवटवीत पाहिलं नव्हतं. त्यांनी मला बसवलं नाही. हाताला धरून सरळ स्वयंपाकघरात नेलं.

शेगडीजवळच्या फरशीत हरभऱ्याच्या डाळीएवढा एक खड्डा होता. त्याच्याभोवती त्यांनी रांगोळी काढली होती. रांगोळीत हळद भरली होती, आणि खड्ड्यावर पाय पडू नये म्हणून शेजारी पाट उभा केला होता.

"त्यांचा आहे," त्या म्हणाल्या.

"काय म्हणाले?"

"मी विचारलं, आमटी कशी झाली. म्हणजे रोज विचारते तसंच विचारलं. त्यांनी वाटी खाली ठेवली. म्हणाले, खारट आहे. बावीस वर्षं खारट आहे." त्यांनी पदराने डोळे टिपले. "तेव्हाच सांगितलं असतं तर मीठ कमी नसतं का टाकलं? असं मी म्हटलं. आणि मग मी काय सोडते की काय."

पलीकडे ओट्याखाली दुसरा खड्डा होता, चांगला लिंबाएवढा. त्याला रांगोळी नव्हती.

"तो माझा," त्या म्हणाल्या. "शेजारणी येऊन बघून गेल्या. मंदाबाई म्हणाली, सिमेंट भरून घे. मी म्हटलं, हात तर लावून बघ."

मी खाली बसून सुईने दोन्ही खड्डे मोजले. पहिला दोन मिलिमीटर, दुसरा अकरा. पाहणीच्या फॉर्मवर लिहिलं: खड्डे दोन. दुरुस्तीची आवश्यकता नाही. मला त्यांना म्हणायचं होतं की द्वारकाबाई, तुमचं बघून मला... पण मी आता पदावर होते, आणि ते मी गिळलं.

बाहेरच्या खोलीतून अंबादासरावांचा आवाज आला. चहात साखर आहे की फक्त साखरेचा डबा दाखवला आहे, असं ते विचारत होते. द्वारकाबाईंच्या पायाशी फस्स झालं. त्या तिथून हलल्या नाहीत. वाकून बघत राहिल्या, फेस पूर्ण विरेपर्यंत.

मी फॉर्मवरचे दोन खोडून तीन केले, आणि साक्षीदार म्हणून खाली त्यांची सही घेतली.